साखर कारखान्याचा बायोगॅस आणि कार्बन क्रेडिट: देशाची मंजुरी कशी घ्यायची

प्रकल्पामुळे किती टन कार्बन वाचला हे दिल्लीतले पर्यावरण मंत्रालय मोजत नाही. ते काम पडताळणी करणाऱ्या संस्थेचे. मंत्रालय दोन गोष्टी बघते. या प्रकल्पातून देशाला, आणि मुख्य म्हणजे ज्या गावात तो उभा राहणार त्या गावाला, काय मिळते? आणि वाचलेले टन परदेशात विकले तर भारताने जगाला दिलेल्या शब्दाचा हिशेब जमतो का? नवखे लोक पन्नास पाने टनांच्या गणितावर खर्च करतात आणि या दोन प्रश्नांना शेवटी एक परिच्छेद देतात. तिथेच फाईल लंगडी पडते.

उदाहरण म्हणून साखर कारखान्यातल्या प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळताना उरणाऱ्या गाळापासून, कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणजे सीबीजी, बनवणारा प्रकल्प घेऊ. महाराष्ट्रात या विषयाकडे वळणारे बरेच जण याच वाटेने येतात, आणि देशाच्या मंजुरीतले जवळजवळ सगळे पेच या एका प्रकल्पात सापडतात.

आधी ठरवा: ही मंजुरी तुम्हाला लागते का?

कार्बन क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या एका टन कार्बन डायऑक्साइडचे विकता येणारे प्रमाणपत्र, म्हटले की सरकारी मंजुरी आलीच, असे नाही. तीन बाजार वेगळे आहेत.

ऐच्छिक बाजारात व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्डसारख्या संस्था क्रेडिट देतात आणि कंपन्या ते स्वतःच्या जाहीर उद्दिष्टांसाठी घेतात. नुसती नोंदणी हवी असेल तर केंद्र सरकारचे पत्र लागत नाही.

दुसरा बाजार देशांतर्गत. कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम केंद्राने जून २०२३ मध्ये अधिसूचित केली. डिसेंबर २०२३ च्या दुरुस्तीने ज्यांच्यावर उत्सर्जन घटवण्याचे बंधन नाही अशांनाही ऑफसेट प्रकल्प, म्हणजे स्वेच्छेने उत्सर्जन वाचवून क्रेडिट मिळवणारे प्रकल्प, आणण्याची सोय झाली. याचा कारभार ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीकडे आहे, पर्यावरण मंत्रालयाकडे नाही. एकाची फाईल घेऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहणारे कमी नाहीत.

तिसरा बाजार हवामान बदलावरच्या पॅरिस कराराच्या कलम ६ चा. इथे वाचलेला टन देशाची सीमा ओलांडतो: दुसरा देश तो स्वतःच्या उद्दिष्टात धरतो किंवा विमान कंपनी कॉर्सिया या आंतरराष्ट्रीय विमान उत्सर्जनासाठीच्या योजनेतल्या बंधनासाठी वापरते. कॉर्सियाचा पहिला टप्पा २०२४ ते २०२६ असा आहे आणि त्यासाठी विकलेल्या क्रेडिटला प्रकल्प ज्या देशात आहे त्या देशाचे अधिकृत पत्र लागते. ऐच्छिक क्रेडिटवर हा शिक्का हवा असेल तरीही हेच पत्र लागते. पुढचे सगळे या तिसऱ्या बाजाराबद्दल आहे.

मंजुरी देते कोण

पॅरिसच्या आधीच्या क्योटो कराराच्या काळात हे काम राष्ट्रीय सीडीएम (स्वच्छ विकास यंत्रणा) प्राधिकरण करत असे. ते डिसेंबर २००३ मध्ये स्थापन झाले. पॅरिस करारासाठी केंद्राने ३० मे २०२२ ला नवे राष्ट्रीय प्राधिकरण अधिसूचित केले. पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाचे सचिव त्याचे अध्यक्ष असतात आणि कारभार दिल्लीत जोरबागच्या इंदिरा पर्यावरण भवनातून चालतो. कोणत्या प्रकारचे प्रकल्प आंतरराष्ट्रीय बाजारात जाऊ शकतात हे ठरवणे, आलेले प्रकल्प तपासणे, त्यांना मंजुरी आणि अधिकृती देणे ही त्याची कामे.

राज्य सरकार ही मंजुरी देत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हे फाईलमधले एक कागदपत्र आहे, कार्बनची मंजुरी नव्हे.

पहिली पायरी: यादीत बसता का बघा

फेब्रुवारी २०२३ मध्ये मंत्रालयाने कलम ६ खाली चालतील अशा १३ प्रकारांची यादी जाहीर केली. त्यात साठवणुकीसह अक्षय ऊर्जा आहे, पण साठवलेल्या भागापुरतीच. शिवाय सौर औष्णिक वीज, समुद्रातली पवनऊर्जा, ग्रीन हायड्रोजन, कॉम्प्रेस्ड बायोगॅस, फ्युएल सेलसारखी नवी वाहने, ऊर्जा बचतीचे उच्च तंत्रज्ञान, शाश्वत विमान इंधन, पोलाद-सिमेंटसारख्या अवघड उद्योगांतल्या सर्वोत्तम प्रक्रिया, भरती-ओहोटी आणि लाटांसारखी सागरी ऊर्जा, अक्षय ऊर्जेला जोडलेली एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी) वीजवाहिनी, ग्रीन अमोनिया आणि कार्बन पकडून वापरणे किंवा साठवणे हे प्रकार आहेत.

काय नाही तेही वाचा. साधे सौर पॅनेल नाहीत, जमिनीवरच्या पवनचक्क्या नाहीत, वृक्षलागवड नाही, बगॅसवरचा, म्हणजे उसाच्या चिपाडावरचा, सहवीज प्रकल्प नाही. महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी क्योटोच्या काळात सहविजेवर क्रेडिट घेतले, म्हणून तोच मार्ग अजून खुला आहे असे समजू नका. कारण सरळ आहे. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन तीव्रता ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे भारताने कबूल केले आहे. स्वस्तात वाचणारा टन देश स्वतःसाठी ठेवतो; जिथे तंत्रज्ञान महाग आहे आणि बाहेरच्या पैशाशिवाय गाडी हलत नाही, तिथला टन विकायला तयार होतो.

ही यादी सुरुवातीला तीन वर्षांसाठी होती आणि ती बदलण्याचा अधिकार प्राधिकरणाकडे आहे. त्यामुळे सल्लागाराने दोन वर्षांपूर्वी पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका; अर्ज लिहायला घेण्याच्या आठवड्यात मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची ताजी यादी काढा.

दुसरी पायरी: तारखा सांभाळा

प्रकल्पाची सुरुवात म्हणजे उत्पादन सुरू झाल्याचा दिवस नव्हे. ज्या दिवशी तुम्ही मागे फिरता येणार नाही असा खर्च बांधून घेतला, सहसा डायजेस्टर (गॅस तयार होतो ती बंद टाकी) किंवा मुख्य यंत्रसामग्रीची वर्क ऑर्डर दिली, तो दिवस. कलम ६.४ च्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या बाजाराच्या, व्यवस्थेत या दिवसापासून १८० दिवसांच्या आत कार्बन क्रेडिटचा विचार असल्याची पूर्वसूचना द्यावी लागते. ती चुकली तर क्रेडिटशिवायही प्रकल्प होणारच होता असा अर्थ निघतो आणि पुढचे सगळे मुसळ केरात.

पुरावा म्हणून संचालक मंडळाचा ठराव लागतो. त्यात कार्बन क्रेडिटच्या उत्पन्नाचा उल्लेख आणि आकडा हवा, आणि ठरावाची तारीख वर्क ऑर्डरच्या आधीची हवी. सहकारी कारखान्यात ठराव मागाहून लिहून घेण्याची सवय घातक ठरते. तपासणारा माणूस भूमिपूजनाची बातमी आणि फोटो शोधून काढतो. बातमीत कंत्राटदाराचे नाव असेल आणि तुमची वर्क ऑर्डर त्यानंतर आठ महिन्यांची असेल, तर उत्तर द्यायला जड जाते.

तिसरी पायरी: टनांचा प्रामाणिक अंदाज

मंत्रालय टन मोजत नसले तरी अर्जात आकडा द्यावा लागतो, आणि फुगवलेला आकडा पुढे पडताळणीत उघडा पडतो. एक उदाहरण सोडवू.

रोज ५,००० टन गाळप, हंगाम १३० दिवसांचा. ऊस झाला ६,५०,००० टन. प्रेसमड साडेतीन टक्के धरला तर २२,७५० टन. साधारण २५ टन ताज्या प्रेसमडमागे एक टन सीबीजी धरतात, म्हणजे वर्षाला सुमारे ९१० टन.

इथे पहिली चूक होते. एक किलो सीबीजीने एक किलो सीएनजी वाचते असे धरून २.६९ ने (एक किलो सीएनजी जळल्यावर निघणारे कार्बन डायऑक्साइडचे किलो) गुणतात आणि २,४५० टन लिहून मोकळे होतात. पण सीबीजीमध्ये कार्बन डायऑक्साइड उरलेला असतो आणि तो मिथेनपेक्षा जड असतो. आकारमानाने ९५ टक्के मिथेन असलेल्या गॅसमध्ये वजनाने मिथेन ८७ टक्क्यांच्या आसपासच भरतो. आयएस १६०८७ या सीबीजीच्या भारतीय मानकाला ९० टक्केही चालतात; तिथे वजनाने मिथेन ७७ टक्क्यांवर येतो. म्हणून किलोला किलो न लावता उष्मांकाने मोजा. ९५ टक्क्यांच्या गॅसला टनामागे सुमारे ४३.७ गिगाज्यूल. ९१० टनांचे ३९,८०० गिगाज्यूल, गुणिले ०.०५६१ (नैसर्गिक वायूच्या एका गिगाज्यूलमागे निघणारे टन), म्हणजे २,२३० टन.

आता वजावट. शुद्धीकरणात आणि डायजेस्टरच्या सांध्यांतून २ टक्के मिथेन निसटला तर तो १६ टन होतो. पॅरिस कराराच्या हिशेबात एक टन मिथेन २८ टन कार्बन डायऑक्साइडएवढा धरतात, म्हणून ४५० टन वजा. कॉम्प्रेसर आणि शुद्धीकरणाला किलोमागे एक युनिट वीज धरली तर ९१० मेगावॅट-तास. ग्रिडच्या विजेमागे मेगावॅट-तासाला ०.७२ टन उत्सर्जन धरून ६५५ टन वजा. उरले सुमारे १,१०० टन, म्हणजे पहिल्या उत्साही आकड्याच्या निम्म्याहून कमी.

यात प्रेसमडच्या साठवणुकीचा हिशेब अजून नाही. हंगाम संपल्यावर डायजेस्टर चालवायला प्रेसमड साठवावा लागतो. उघड्या ढिगात तो आतून तापतो, गॅस देण्याची ताकद गमावतो आणि मिथेनही सोडतो. म्हणजे उत्पादन घटते आणि उत्सर्जन वाढते, दोन्हीकडून मार. झाकून आणि दाबून साठवण्याची व्यवस्था आराखड्यात पहिल्यापासून हवी.

दुसरी मोठी चूक आधारस्थितीत होते, म्हणजे प्रकल्प नसता तर काय झाले असते या प्रश्नात. अर्जात सर्रास लिहिलेले असते की प्रेसमड सडून मिथेन हवेत गेला असता, आणि त्यावर हजारो टन चढवलेले असतात. प्रत्यक्षात बहुतेक कारखान्यांत प्रेसमड डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशबरोबर (सांडपाण्याबरोबर) उलथापालथ करून कंपोस्ट होतो किंवा शेतकरी ट्रॉलीने घेऊन जातात. हवा मिळत असलेल्या कंपोस्टमध्ये मिथेन फारसा होत नाही. तुमच्या कारखान्याच्या वजनकाट्याच्या नोंदीच तुमच्या विरोधात जातात. मागच्या तीन हंगामांतली प्रेसमड विक्री आणि कंपोस्टची नोंदवही आधी काढा, मग आधारस्थिती लिहा.

वर्षाला १,१०० टनांसाठी एकट्याने नोंदणी आणि पडताळणीचा खर्च परवडणे अवघड आहे. म्हणून लहान प्रकल्पांनी एकाच समन्वयकाखाली एकत्रित कार्यक्रम करावा. चार-पाच कारखाने एकाच पद्धतीने मोजमाप करत असतील तर मंजुरीही एका छत्राखाली मागता येते आणि नवा कारखाना नंतर जोडता येतो.

मोजमापाची मान्य पद्धतीही आधी शोधा. क्योटोच्या काळात रस्ता वाहतुकीतल्या बायो-सीएनजीसाठी एएमएस-थ्री-एक्यू ही लघु पद्धती होती. कलम ६.४ मध्ये जुन्या पद्धती आपोआप चालत नाहीत. तिथली पर्यवेक्षी संस्था पद्धती नव्याने मंजूर करते. तुमच्या प्रकाराला मान्य पद्धती नसेल तर द्विपक्षीय मार्गाचा, म्हणजे कलम ६.२ चा, विचार करा. जपानने भारताबरोबर संयुक्त क्रेडिट यंत्रणेचा सहकार्य करार ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे.

चौथी पायरी: शाश्वत विकासाचे प्रकरण

हे प्रकरण सगळ्यांत जास्त वेळ देऊन लिहा.

भारताने क्योटोच्या काळात चार कसोट्या ठेवल्या होत्या: सामाजिक, आर्थिक, पर्यावरणीय आणि तंत्रज्ञानविषयक हित. रोजगार आणि गरिबी, स्थानिक गुंतवणूक, पाणी-हवा-जमिनीवरचा परिणाम आणि पर्यावरणस्नेही तंत्रज्ञान देशात येणे, असे त्यांचे साधारण स्वरूप. मोठ्या प्रकल्पांकडून क्रेडिटच्या उत्पन्नातला किमान २ टक्के वाटा दरवर्षी स्थानिक विकासावर खर्च करण्याची हमीही घेतली जाई. कलम ६.४ साठी ऑक्टोबर २०२४ मध्ये शाश्वत विकासाचे एक सक्तीचे साधन आले. त्यात एका बाजूला मानवी हक्क, कामगार, आरोग्य-सुरक्षा, स्त्री-पुरुष समता, भूसंपादन यांसारख्या बाबतींत हानी होणार नाही हे दाखवायचे आणि दुसऱ्या बाजूला १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी कोणती पुढे जातात ते मोजमापासह सांगायचे.

ही कडकाई उगीच नाही. क्योटोच्या पहिल्या वर्षांत रेफ्रिजरंट (फ्रिज-एसीतला शीतक वायू) बनवणाऱ्या कारखान्यांतला एचएफसी-२३ वायू जाळणाऱ्या मोजक्या प्रकल्पांनी क्रेडिटचे डोंगर उभे केले. गावाला त्यातून जवळजवळ काहीच मिळाले नाही. २०१३ मध्ये युरोपने आपल्या बाजारात ते क्रेडिट बंद केले.

“रोजगार निर्माण होईल, पर्यावरण सुधारेल” ही वाक्ये प्रत्येक अर्जात असतात आणि वाचणारा ती गाळूनच वाचतो. सीबीजी प्रकल्पात खरा प्रश्न वेगळाच आहे: आजवर प्रेसमड नेणाऱ्या शेतकऱ्याचे काय? त्याला सेंद्रिय खत मिळत होते, कदाचित सभासद म्हणून सवलतीत. आता ते डायजेस्टरमध्ये जाणार. या प्रश्नाचे उत्तर अर्जात नसेल तर सामाजिक हिताचे बाकी सगळे लिखाण पोकळ ठरते.

उत्तर असे देता येते. डायजेस्टरमधून बाहेर पडणारी स्लरी वेगळी करून घन भाग आंबवलेले सेंद्रिय खत म्हणून आणि द्रव भाग पातळ खत म्हणून शेतात परत जातो. केंद्राने २०२३ मध्ये अशा खताच्या विक्रीसाठी टनामागे १,५०० रुपये साहाय्य मंजूर केले. तर अर्जात लिहा: किती टन घन खत, त्यातल्या किती टनांवर जुन्या ग्राहकांचा पहिला हक्क, कोणत्या दराने, खत नियंत्रण आदेशाप्रमाणे तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत, द्रव खत किती किलोमीटरपर्यंत टँकरने जाणार आणि पावसाळ्यात कोणी उचलले नाही तर किती दिवसांची साठवण आहे. हा शेवटचा मुद्दा हमखास विसरतात. पावसाळ्यात भरलेले तळे ओढ्याला फुटले की विकासाची सगळी कलमे एका रात्रीत उलटी होतात.

प्रत्येक दाव्याला चार गोष्टी जोडा: निर्देशक, आजचा आकडा, अपेक्षित आकडा, नोंद कुठे राहणार. “स्थानिक रोजगार” याऐवजी “कायम पदे १८, त्यांतली १० तीन ग्रामपंचायतींच्या हद्दीतल्या रहिवाशांना, नोंद: भविष्य निर्वाह निधीची मासिक यादी”. आकडे तुमचे असतील, पण घडण अशी हवी. जे मोजता येणार नाही ते लिहू नका. दर पडताळणीला तेच विचारले जाईल, आणि पोकळ वचन तेव्हा तुमच्याच अंगावर येते.

पाचवी पायरी: गावाची बैठक

स्थानिक हितसंबंधीयांची बैठक नोंदणीआधीच्या पडताळणीला जाण्यापूर्वी व्हायला हवी. वर्क ऑर्डरच्या आधी झाली तर आणखी उत्तम, कारण तेव्हा गावाच्या हरकतीने आराखडा बदलता येतो.

सूचना मराठीत, स्थानिक वर्तमानपत्रात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर, निदान दोन आठवडे आधी. वेळ अशी की ऊसतोड आणि पाणी देण्याच्या पाळीत अडकलेला माणूस येऊ शकेल. स्त्रियांसाठी दुपारची वेगळी बैठक बहुधा लागते. आसपासची वस्ती, ट्रॉलीवाले, प्रेसमडचे जुने ग्राहक, बचत गट आणि वाहतुकीच्या रस्त्यावरची शाळा यांना नावाने बोलवा. नुसते सरपंच आणि संचालक खुर्च्यांवर बसलेला फोटो पुरत नाही.

इतिवृत्तात लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत हवेत: वास, माशा, टँकरची धूळ, विहिरीचे पाणी, स्फोटाची भीती. प्रत्येकासमोर उत्तर आणि काय बदलले ते. एकही हरकत नाही असे इतिवृत्त संशय वाढवते. तक्रारीसाठी एक माणूस, एक फोन आणि एक वही नेमा. ती वही प्रकल्प चालू असेपर्यंत चालवायची असते.

सहावी पायरी: मंजुरी आणि अधिकृती वेगळ्या आहेत

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

मंजुरी म्हणजे देश म्हणतो की हा प्रकल्प आमच्या भूमीवर होण्यास हरकत नाही. कलम ६.४ खाली या मंजुरीत तीन गोष्टी असाव्या लागतात: प्रकल्प शाश्वत विकासाला कसा हातभार लावतो, देशाच्या हवामानविषयक उद्दिष्टांशी त्याचे नाते काय, आणि क्रेडिटच्या मुदतीचे नूतनीकरण होणार असेल तर त्याला संमती. शिवाय प्रकल्पात भाग घेणाऱ्या कंपन्यांना अनुमती. हे सगळे नोंदणीची विनंती करण्याआधी हातात असायला हवे.

अधिकृती म्हणजे देश म्हणतो की या प्रकल्पाचे टन बाहेर नेता येतील, आणि अमुक कामासाठी नेता येतील: दुसऱ्या देशाच्या उद्दिष्टासाठी, की विमान वाहतुकीसारख्या अन्य आंतरराष्ट्रीय हेतूसाठी. अशा टनांसाठी भारताला आपल्या हिशेबात तेवढीच भर घालावी लागते. याला कॉरस्पाँडिंग अॅडजस्टमेंट म्हणतात. १,००० टन जपानला गेले तर ते जपानच्या खात्यातून वजा होतात आणि भारताच्या खात्यात १,००० टन उत्सर्जन जास्त धरले जाते. एकच ऊस दोन कारखान्यांकडे नोंदवता येत नाही, तसेच हे.

म्हणून मंजुरी मिळूनही अधिकृती न मिळणे शक्य आहे. अधिकृती नसलेले क्रेडिट बाद होत नाही. ते भारताच्या उद्दिष्टातच राहते आणि योगदान म्हणून विकता येते, पण विमान कंपनी किंवा परदेशी सरकार ते घेणार नाही, आणि भावही वेगळा. बँकेला प्रकल्प अहवाल देताना दोन्ही शक्यतांचे उत्पन्न वेगवेगळे दाखवा.

वजावटी इथेही आहेत. कलम ६.४ मध्ये क्रेडिटच्या वितरणाच्या वेळी ५ टक्के क्रेडिट अनुकूलन निधीला (हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठीच्या निधीला) जातात आणि किमान २ टक्के कायमचे रद्द होतात. आपल्या १,१०० टनांतून ५५ आणि २२ गेले. विकायला उरले १,०२३.

सातवी पायरी: फाईल

कंपनीची किंवा संस्थेची नोंदणी, सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव, प्रकल्प आराखडा, शाश्वत विकासाचे प्रकरण, बैठकीचे इतिवृत्त. जमिनीचा ७/१२ किंवा भाडेपट्टा. प्रदूषण मंडळाची स्थापनेची संमती. गॅस दाबून भरण्याच्या यंत्रणेसाठी पेसो या स्फोटक सुरक्षा संघटनेची परवानगी. या संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे, त्यामुळे विदर्भातल्या प्रकल्पांना ये-जा सोपी. प्रेसमड पुरवठ्याचा करार, गॅस खरेदीचा करार.

या शेवटच्या दोन करारांत क्रेडिट कोणाचे हे स्पष्ट लिहिलेले हवे. प्रेसमड कारखान्याचा, डायजेस्टर विकासकाचा, गॅस तेल कंपनीने घेतलेला. तिघेही हरित असल्याचा दावा करू शकतात. गॅस खरेदीच्या करारात पर्यावरणीय लाभ खरेदीदाराकडे जातील असे एखादे कलम आत दडलेले असते. ते सही करण्याआधी वाचा, नंतर वाचून उपयोग नसतो.

कायद्याचा प्रश्नही येईल. शहरी गॅस वितरकांवर सीबीजी मिसळण्याचे बंधन आहे: २०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२६-२७ मध्ये ३, त्यानंतरच्या वर्षी ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. मग तुमचा गॅस कायद्यानेच होणार होता, त्यात क्रेडिट कशाला, असे विचारले जाईल. बंधन वितरकावर आहे, उत्पादकावर नाही, हे उत्तर खरे आहे पण अर्धे. वितरक देत असलेल्या दराने प्रकल्पाचा परतावा बँकेच्या अपेक्षेखाली राहतो हे गणिताने दाखवा, आणि दर १० टक्के वर-खाली करूनही निष्कर्ष टिकतो हेही. टिकत नसेल तर अर्ज करण्याआधी थांबलेले बरे.

प्राधिकरणासमोर

क्योटोच्या काळात प्रकल्पवाल्यांना सदस्यांपुढे साधारण १०-१५ मिनिटांचे सादरीकरण करावे लागे. त्या प्राधिकरणावर परराष्ट्र, अर्थ, ऊर्जा अशा खात्यांचे प्रतिनिधी असत आणि प्रत्येक जण आपल्या खात्याच्या चष्म्यातून बघे. तयारी आजही तशीच ठेवा. पहिल्या दोन मिनिटांत यादीतला प्रकार, टन, गावाचा लाभ आणि देशाच्या उद्दिष्टाशी नाते हे सांगून व्हायला हवे. सल्लागाराला बोलायला लावू नका. डायजेस्टर कोणत्या तापमानाला चालतो हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस खोलीत हवा.

पत्र हातात आल्यावर

ते ओळ न् ओळ वाचा. प्रकल्पाचे नाव आराखड्यातल्या नावाशी अक्षरशः जुळायला हवे. “लिमिटेड” आणि “प्रायव्हेट लिमिटेड” एवढ्या फरकावरही पडताळणी करणारा दुरुस्ती मागतो. सहभागींची नावे, क्रेडिटची मुदत, नूतनीकरणाची संमती, अधिकृती असेल तर वापर कशासाठी आणि किती टनांपर्यंत, हे तपासा. क्रेडिटची मुदत पाच वर्षांची आणि दोनदा वाढवता येणारी, किंवा एकदाच दहा वर्षांची अशी निवडता येते. पत्रात नूतनीकरणाचा उल्लेख नसेल तर पाच वर्षांचा पर्याय घेतलेल्यांना सहाव्या वर्षी दिल्लीच्या फेऱ्या पुन्हा सुरू कराव्या लागतात.

प्रकल्पासाठी नंतर वेगळी कंपनी काढणार असाल किंवा भागीदार येणार असेल तर तो बदल अर्जाआधीच करून टाका. पत्र एका नावावर आणि मालकी दुसऱ्याच्या नावावर असा प्रकार झाला की सुधारित पत्र येईपर्यंत क्रेडिटचे वितरण अडते, आणि मधल्या काळात खरेदीदाराबरोबरच्या करारातली पुरवठ्याची तारीख उलटून गेलेली असते.